एका लिटरमागे काम किती? : पेट्रोल व डिझेल एंजिनांची आदर्श आवर्तने

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डिझेलवर चालते, तर पलीकडच्या धक्क्यावर उतारूची वाट पाहत असलेल्या पायलटाची मोटारसायकल पेट्रोलवर. मालीमच्या जेटीला लागलेल्या ट्रॉलरमध्ये डिझेलचे एंजिन असते. किनाऱ्यावरील लहान होडीच्या मागे बसविलेले आउटबोर्ड यंत्र मात्र बहुधा पेट्रोल किंवा केरोसीन जाळते. वायंगणी शेतात चिखलणी करणारा पॉवर टिलरही डिझेलचाच. अशा रीतीने दोन जातींची एंजिने गोव्याच्या नित्य जीवनात शेजारी शेजारी वावरत आहेत, आणि डिझेलमध्ये जोर अधिक, हे वाक्य दोन्ही वापरणाऱ्यांच्या तोंडी असते.

हे वाक्य अनुभवास धरून असले तरी त्यातील कारणमीमांसा अपुरी आहे. डिझेलच्या एंजिनातील जोर काही अंशी तेलात आहे हे खरे. परंतु त्याचा मोठा भाग, तेल पेटण्यापूर्वी हवा किती दाबली गेली आणि तेल पेटविण्याचे नियमन कसे केले, यात आहे. होडीवाल्याच्या वा शेतकऱ्याच्या खर्चात इंधन ही मोठी बाब असल्यामुळे हा फरक केवळ पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही.

वाफेच्या यंत्रात कोळसा बाहेरच्या भट्टीत जळतो आणि त्याची उष्णता पाण्याच्या वाफेमार्फत दट्ट्यापर्यंत, म्हणजे पिस्टनपर्यंत, पोहोचते. पेट्रोल व डिझेलच्या यंत्रांत इंधन सिलिंडरच्या आतच जळते, म्हणून त्यांना अंतर्ज्वलन एंजिने म्हणतात. दोहोंचे मूलतत्त्व एकच आहे. तप्त वायू प्रसरण पावताना दट्ट्याला ढकलतो आणि उष्णतेचा काही भाग कामात रूपांतरित होतो. सर्व उष्णतेचे काम का होऊ शकत नाही, याचा पहिला तर्कशुद्ध विचार सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा पुस्तकात केला. उष्णता जितक्या उच्च तापमानास घेतली जाईल आणि जितक्या नीच तापमानास टाकली जाईल तितके काम अधिक, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा होय.

या विचारातूनच आदर्श आवर्तनाची कल्पना पुढे आली. आवर्तन म्हणजे वायूने ठराविक अवस्थांतून जाऊन पुन्हा मूळ अवस्थेस येणे. खऱ्या एंजिनातील धूर, घर्षण, सिलिंडरच्या भिंतींतून झिरपणारी उष्णता हे सर्व तूर्त बाजूस ठेवून, आत केवळ शुद्ध हवा आहे असे मानून हिशेब करावयाचा. असे एंजिन जगात कोठेही नाही. तरीही शेताची मोजणी करणाऱ्याला जशी साखळी लागते, तसे खऱ्या एंजिनांची तुलना करणाऱ्याला हे माप लागते.

आधी दाब, मग आग

एत्येन लन्वार याने पॅरिसमध्ये १८६० साली वायूवर चालणारे एंजिन तयार केले. त्यात वायू व हवा आत घेऊन, न दाबताच, विजेच्या ठिणगीने पेटवीत असत. एंजिन चालले, विकलेही गेले. पण जळलेल्या वायूच्या उष्णतेपैकी शंभरात जेमतेम चार-पाच भागांचे काम होई. मिश्रण आधी दाबावे आणि मग पेटवावे, ही सूचना बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्ये लेखी नमूद केली. पण एंजिन काही बांधले नाही. ते बांधले निकोलाउस ऑटो याने, जर्मनीत, १८७६ साली. ऑटो हा मुळात किराणा मालाचा फिरता विक्रेता होता. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. पुढे १८८६ मध्ये बो द रोशाच्या जुन्या लेखाच्या आधारे ऑटोचे एकस्व रद्दबातल ठरले, तरी आवर्तनाला नाव राहिले ते ऑटोचेच. कागदावरील कल्पनेपेक्षा चालत्या यंत्राला जगाने अधिक मान दिला, हे योग्यच म्हणावे लागेल.

ऑटोच्या एंजिनात दट्ट्याच्या चार धावा असतात. पहिल्या धावेत इंधन व हवा यांचे मिश्रण आत येते. दुसरीत झडपा बंद होऊन ते दाबले जाते. ठिणगी पडताच तिसरी, कामाची धाव होते. चौथीत जळालेला वायू बाहेर टाकला जातो. मोटारसायकल फोर स्ट्रोक आहे असे म्हणतात ते या चार धावांवरून.

आता दाब आणि घनफळ यांचा आलेख काढला तर ऑटो आवर्तनाची आकृती चार रेषांची होते. उष्णता बाहेर जाऊ न देता वायू दाबला, की आलेख वर चढतो. ठिणगी पडल्यावर ज्वलन इतके झटपट होते की तेवढ्यात दट्ट्या हललाच नाही असे मानता येते. म्हणून घनफळ तेच राहून दाब उभ्या रेषेत वाढतो. मग प्रसरण होते. शेवटी निष्कासाची झडप उघडताच दाब पुन्हा उभ्या रेषेत खाली येतो. या चार रेषांनी वेढलेले क्षेत्र म्हणजेच एका आवर्तनात मिळालेले काम.

आकृतीवरून निघणारा निष्कर्ष मात्र लक्षणीय आहे. आदर्श ऑटो आवर्तनाची कार्यक्षमता किती इंधन जाळले यावर अवलंबून नसते, ती फक्त संपीडन गुणोत्तरावर ठरते. दट्ट्या सर्वांत खाली असतानाचे घनफळ हे तो सर्वांत वर असतानाच्या घनफळाच्या किती पट आहे, ती संख्या म्हणजे संपीडन गुणोत्तर. शिक्षकांना वर्गात हिशेब करून दाखवावयाचा असल्यास या संख्येचा ०.४ घात घ्यावा, त्याने १ ला भागावे आणि आलेली संख्या १ मधून वजा करावी. गुणोत्तर ४ असता कार्यक्षमता ४२.६ टक्के येते, ६ असता ५१.२, ८ असता ५६.५ आणि १० असता ६०.२. चारावरून सहावर जाताना साडेआठ अंशांची भर पडते, आठावरून दहावर जाताना पावणेचारच. दाब वाढवीत नेला तर लाभ वाढतो खरा, पण प्रत्येक पायरीला तो कमी कमी होत जातो.

मग पेट्रोलच्या एंजिनात पंधरा-वीस पट दाब का देत नाहीत? कारण दाबताना वायू तापतो. २७ अंश सेल्सिअसची हवा आठ पट दाबली तर आदर्श हिशेबाने तिचे तापमान ४१६ अंशांपर्यंत जाते. त्याहून फार अधिक दाबल्यास पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली असता एंजिनातून जी खटखट ऐकू येते ती याच अवेळी ज्वलनाची; मेकॅनिक तिला नॉकिंग म्हणतात. ती सतत होत राहिली तर दट्ट्याचा माथा व झडपा खराब होतात.

पेट्रोलची ही खटखट टाळण्याची शक्ती ऑक्टेन अंकाने मोजतात. ती वाढविण्यासाठी १९२० नंतरच्या काळात पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा पडली. त्यामुळे एंजिनांतील दाब वाढविता आला, परंतु शिसे धुरावाटे माणसांच्या फुप्फुसांत गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली.

केरोसीनची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याचा ऑक्टेन अंक फारच कमी असल्याने ठिणगीच्या एंजिनात ते जाळावयाचे तर दाब कमी ठेवावा लागतो. म्हणूनच केरोसीनवर चालणारी आउटबोर्ड यंत्रे कमी गुणोत्तराची बांधलेली असतात आणि बहुधा पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर केरोसीनवर वळवावी लागतात. केरोसीन स्वस्त मिळाले तरी त्यातून निघणारे काम या आवर्तनाच्या नियमाने आधीच कमी ठरलेले असते. दरांची तुलना करताना ही वजावट धरावयास हवी. पेट्रोलमध्ये केरोसीनची भेसळ केल्यास तर ज्या एंजिनाला अधिक ऑक्टेन लागतो त्यालाच कमी ऑक्टेनचे इंधन दिले जाते, आणि भेसळ करणाऱ्याच्या नफ्याची किंमत गाडीवाल्याचा दट्ट्या चुकवितो.

याच ठिकाणी इथेनॉलचाही उल्लेख करणे उचित होईल. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून देशात विक्रीस आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक उच्च असतो, पण एका लिटरमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. त्यामुळे मिश्रणातील उष्णता लिटरमागे सहा-सात टक्क्यांनी घटते. वाढलेल्या ऑक्टेनचा लाभ घ्यावयाचा तर एंजिनच अधिक गुणोत्तराचे बांधलेले हवे. जुन्या गाडीचे गुणोत्तर इंधन बदलल्याने आपोआप वाढत नाही.

डिझेलची युक्ती

रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने अडचणीच्या मुळालाच हात घातला. दाबताना इंधन अवेळी पेटते ना? मग दाबताना इंधन आत ठेवूच नये. केवळ हवा दाबावी, ती पुरेशी तापली की शेवटच्या क्षणी तेलाचा फवारा सोडावा. ते स्वतःहून पेटेल. ठिणगी नको, प्लगही नको. १८९२ साली त्याने एकस्व घेतले. कार्नोच्या आदर्शाच्या अगदी जवळ जावे म्हणून, ज्वलन चालू असताना तापमान स्थिर राहील असे एंजिन बांधण्याचा त्याचा मूळ मनसुबा होता. तो व्यवहारात उतरणारा नव्हता. १८९३ च्या पहिल्या चाचणीत तेल पेटताच दाब नोंदविणारे उपकरणच फुटून उडाले. अखेर स्थिर तापमानाचा हट्ट सोडून, ज्वलन होत असताना दाब स्थिर राहील अशी रचना त्याने पत्करली. १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक श्र्योटर यांनी घेतलेल्या चाचणीत त्या एंजिनाने २६.२ टक्के कार्यक्षमता दाखविली. त्या काळी वाफेची सर्वसाधारण यंत्रे शंभरात दहा भागही देत नसत. १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचे शव मिळाले. आपल्या एंजिनाचा पुढील प्रसार काही त्याला पाहता आला नाही.

डिझेल आवर्तनाची आकृती ऑटोच्या आकृतीसारखीच आहे. फरक एकाच रेषेचा. उष्णता मिळतानाची रेषा येथे उभी नसून आडवी असते, कारण तेलाचा फवारा चालू असताना दट्ट्या खाली सरकत असतो. हवा अठरा पट दाबली तर आदर्श हिशेबाने तिचे तापमान ६८० अंशांपर्यंत आणि दाब वातावरणाच्या ५७ पटींपर्यंत जातो. पेट्रोल ठिणगीने चटकन पेटते, डिझेल तसे पेटत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु ठिणगीविना, केवळ उष्ण हवेत आपोआप पेटण्याच्या बाबतीत डिझेलच पेट्रोलच्या पुढे असते, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटते.

आता तुलना पाहावी. दोन्ही एंजिनांत हवा सारखीच, म्हणजे अठरा पट, दाबता आली असती तर ऑटो आवर्तनाची कार्यक्षमता ६८.५ टक्के झाली असती. डिझेल आवर्तनाची, फवारा संपेपर्यंत घनफळ दुप्पट होते असे धरल्यास, ६३.२ टक्केच होते. म्हणजे समान दाबाला डिझेलचे आवर्तन हे ऑटोपेक्षा उणे आहे! उशिरा मिळालेल्या उष्णतेला प्रसरण पावण्यास कमी अवकाश उरतो, हे त्याचे कारण. डिझेलची सरशी होते ती केवळ त्यातील हवा अठरा पट दाबता येते आणि पेट्रोलचे मिश्रण तसे दाबता येत नाही म्हणून.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघते. फवारा जितका लांबवावा तितकी डिझेलची कार्यक्षमता घटते. घनफळ दीडपट होईपर्यंतच तेल टाकले तर ६५.६ टक्के, तिप्पट होईपर्यंत टाकले तर ५८.९. क्षमतेबाहेर भार घातलेला टिलर वा ट्रॉलर काळा धूर ओकीत तेल अधिक पितो, त्याचे एक कारण येथे आहे. दुसरे असे की, तेवढे तेल पूर्ण जाळण्यास आतली हवाच पुरत नाही. आजच्या वेगवान डिझेल एंजिनांत मात्र तेलाचा काही भाग एकदम आणि उरलेला सावकाश जळत असल्याने त्यांना ऑटो व डिझेल यांचे मिश्र आवर्तन लागू पडते.

चिकित्सक वाचक येथे शंका काढील की, दहा पट दाबाचे पेट्रोल एंजिन ६०.२ टक्के देते व अठरा पट दाबाचे डिझेल ६३.२, मग प्रत्यक्षात दोहोंच्या खर्चात एवढी तफावत का पडते? शंका रास्त आहे. प्रत्यक्षात पेट्रोलची एंजिने साधारणपणे २५ ते ३५ टक्के आणि डिझेलची ३५ ते ४२ टक्के उष्णता कामी लावतात. समुद्रगामी जहाजांची संथ, प्रचंड डिझेल एंजिने तर ५० टक्क्यांच्या वर जातात. उरलेला फरक आदर्श आकृतीत दिसत नाही. पेट्रोलच्या एंजिनाचा वेग कमी करावयाचा तर हवेची वाटच अरुंद करावी लागते आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात दट्ट्याची शक्ती खर्च होते. पणजीच्या गर्दीत सावकाश चाललेली गाडी बहुतेक वेळ अशी गळा आवळूनच श्वास घेत असते. डिझेलच्या एंजिनात हवा मोकळी येते. कमी करावयाचे ते फक्त तेल. शिवाय पेट्रोलचे एक लिटर सुमारे ७४० ग्रॅम भरते, तर डिझेलचे ८३० ग्रॅम. लिटरमागे डिझेलात उष्णताच दहा-बारा टक्के अधिक असते. म्हणून लिटरचा हिशेब आणि कार्यक्षमतेचा हिशेब यांची गल्लत होऊ देऊ नये.

आदर्श आकृतीत न दिसणारी दुसरी बाब टू स्ट्रोक एंजिनांची. त्यांत चारांऐवजी दोनच धावांत आवर्तन पुरे होते, आकृती तीच. परंतु जळालेला वायू हाकलण्याचे काम आत येणाऱ्या ताज्या मिश्रणावरच सोपविलेले असल्यामुळे त्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर जातो. एकेकाळी रस्तोरस्ती दिसणाऱ्या स्कूटरींचा निळसर धूर हा जळालेल्या वंगणतेलाचा असे, आणि त्याबरोबर न जळलेले पेट्रोलही जात असे.

धाव संपल्यावर वायूत अजूनही बराच दाब शिल्लक असतो. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलचा जो कर्णकटू आवाज येतो तो या वाया गेलेल्या दाबाचाच होय. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० नंतरच्या दशकात, दाबण्यापेक्षा प्रसरणाची धाव लांब असलेली एंजिने बांधून हा दाब वापरण्याचा प्रयत्न केला. गुंतागुंतीमुळे ती मागे पडली. पण झडप उशिरा बंद करून तोच परिणाम साधणारी एंजिने १९९७ पासून संकरित मोटारींत आली.

मोठ्या दाबाची किंमत आणि चालकाचे काम

दाब सोसण्यासाठी डिझेलचे एंजिन जाड व जड घडवावे लागते. म्हणून मोटारसायकलवर ते फारसे दिसत नाही. फवाऱ्याचे पंपही सूक्ष्म मापाचे लागतात. असे पंप बॉश कंपनीने १९२७ पासून मोठ्या संख्येने बनविण्यास प्रारंभ केल्यावर लहान डिझेल एंजिने व्यवहार्य झाली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून उद्योगास हात घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी पुण्यात निघाली, आणि विहिरीवरचे ऑइल एंजिन मराठी मुलखात घरोघरचा शब्द झाला. दुसरीकडे, उच्च तापमानात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे घातक संयोग होतात आणि फवाऱ्यातील न जळलेल्या कणांची काजळी बनते. २०२० च्या एप्रिलपासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ या मानकाप्रमाणे ही काजळी व वायू अडविण्याची उपकरणे बसविणे महाग पडू लागल्याने काही कंपन्यांनी लहान डिझेल मोटारी बनविणेच सोडून दिले.

ज्यांच्याकडे एंजिन आहे त्यांना गुणोत्तर वाढविता येत नाही. आहे ते राखणे मात्र त्यांच्या हाती असते. दट्ट्यावरील रिंगा झिजल्या, झडपेची बैठक खराब झाली वा हेडच्या गॅस्केटमधून वायू निसटू लागला की कारखान्यात अठरा असलेल्या गुणोत्तराचा पुरता लाभ मिळत नाही. हाताने फिरवून सुरू होणारे एंजिन पूर्वीसारखा विरोध न करता सहज फिरू लागले तर ते हलके झाले असे समजून समाधान मानू नये. त्याचा दाब गेलेला असतो. थंडीत सुरू होण्यास कुरकुर आणि पांढरा धूर ही त्याचीच चिन्हे. निळा धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर दिसल्यास प्रथम भार आणि हवेची गाळणी पाहावी. मळणीच्या दिवसांत भाताच्या तुसाने गाळणी भरून एंजिन गुदमरते.

गुदमरण्यावरून एक इशारा देणे अगत्याचे आहे. पाणी खोल गेले म्हणून एंजिन-पंप विहिरीत उतरवून चालविण्याचा प्रकार प्राणघातक ठरतो. अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. पेट्रोल व केरोसीनच्या एंजिनांतून तो विशेष निघतो. विहिरीत हवा खेळत नसल्यामुळे तो तेथेच साचतो. उतरलेला माणूस बेशुद्ध होतो आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही. असे घडल्यास एंजिन बंद झालेले असले तरी कोणीही खाली उतरू नये, अग्निशमन दलास ताबडतोब बोलवावे. आणि पाणी खोल गेले असल्यास एंजिन काठावर ठेवून चालणारा खोल विहिरीचा पंप किंवा पाण्यात बुडवावयाचा विजेचा पंप वापरावा.